डहाणू–तलासरीत सायकल कोणत्या रस्त्याने न्यावी?

प्रश्न : डहाणूहून सूर्या नदीच्या खोऱ्यात सायकलने कसे जावे?

उत्तर : डहाणू–जव्हार रस्त्याने आशागड, गंजाड, चारोटीवरून कासा गाठावे. किनाऱ्याची सपाटी संपली की चढउतार लागतात. मात्र दमछाक चढांपेक्षा उकाड्यानेच जास्त होते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. गंजाड हे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांचे गाव. तिथे थांबणे सार्थकी लागते. चारोटीला मुंबई–अहमदाबाद महामार्ग फक्त ओलांडावा. अवजड वाहनांच्या त्या गर्दीत सायकल घालणे शहाणपणाचे नाही. तलासरीतले झरी हे गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील १९४५ च्या वारली लढ्याशी जोडलेले गाव. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.