वळवाच्या वादळाची पूर्वसूचना

उन्हाळी वादळ हा भूगोलाचा व सामान्य विज्ञानाचा पाठ आहे. परंतु मराठवाड्यातील शिक्षकास तो मुलांच्या जीविताचाही प्रश्न आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने येथील रब्बीची पिके हातची गेली, हे अनेक गावांच्या स्मरणात आहे.

अशी वादळे कशी होतात? उन्हाने जमीन तापते व तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून आलेली दमट हवा तीत मिसळली म्हणजे ढगांचे मनोरे उभे राहतात. माहूर-किनवटच्या डोंगरात किंवा बालाघाटच्या उतारावर वाऱ्यास वर चढणे भागच पडते. म्हणून ढग पुष्कळदा तेथे आधी धरतो. गोदाकाठच्या सपाटीवर असा आधार नसल्यामुळे वादळाची नेमकी जागा आधी सांगणे अधिक कठीण असते.

हवामान खाते जिल्ह्याचा अंदाज काही दिवस आधी देते व धोक्याप्रमाणे पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा देते. रडारच्या साहाय्याने पुढील तीन तासांची सूचनाही मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देते. तथापि एक ढग थोड्याच मैलांचा व सुमारे तासाभराचा धनी असतो. तो कोणत्या गावावर फुटेल, हे आदल्या दिवशी कोणासही सांगता येत नाही. म्हणून शेवटचे निरीक्षण शिक्षकानेच करावयाचे असते.

मुलांकडून पुढील पाठ करून घ्यावा. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला, बुडाशी काळोख दाटला व एकाएकी गार वारा सुटला, तर वादळ जवळ आले असे समजावे. वीज चमकताच सेकंद मोजावेत. ध्वनीस एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात.

प्रश्न : गडगडाट १५ सेकंदांनी ऐकू आला, वीज किती दूर?
उत्तर : सुमारे ५ किलोमीटर.

मात्र अंतर मोजण्यासाठी मुलांस अंगणात उभे करू नये. गडगडाट ऐकू येताच सर्वांस पक्क्या इमारतीत घ्यावे. खिडक्या, नळ व विजेची उपकरणे यांपासून दूर बसवावे. झाडाखाली कोणासही थांबू देऊ नये. शाळा सुटण्याची वेळ झाली असली, तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत मुलांस घरी सोडू नये. घंटा उशिरा झाली तरी चालेल. मूल सुखरूप घरी पोहोचले पाहिजे.