तासभर डोक्यावर राहील असा हेडफोन

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या राजेंद्रनगरहून एक निवृत्त काका माझ्या कानाच्या दवाखान्यात आले. रात्री दहानंतर, घरातली सगळी झोपली की फोनवर गाणं लावायचं, कानात इअरफोनची बोंडं घालायची आणि आरामखुर्चीत बसायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. तक्रार अशी : "मारवा संपला की कानांना दडे बसतात आणि मग रात्रभर खाज सुटते." सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर उजव्या कानाच्या नळीत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढुरका थर होता आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. खाज थांबावी म्हणून काका रोज दोन थेंब कोमट तेल घालत होते आणि वर लगेच बोंड खोचत होते. पावसाळी हवा, तेलाचा ओलावा आणि बंद नळी मिळाल्यावर बुरशीला आणखी काय हवं?

कान साफ केला, औषध दिलं, तेल बंद केलं. उठता उठता त्यांनी विचारलं, "मग आता गाणं ऐकायला घेऊ तरी काय?" हा प्रश्न मला इंदुरात वरचेवर विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांबद्दल मला फार आपुलकी आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून त्यांचा झुमरा तालातला ख्याल तासभर ऐकणाऱ्या माणसाला "हेडफोन सोडा" असं सांगणं मला जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो.

चांगला हेडफोन कोणता? जो लावल्यावर कमी आवाजातही तुमचं समाधान होतं, तो. किंमत, नाव, रंग हे सगळं त्यानंतर. कानावर दाबणारा, फटीतून बाहेरचा गोंगाट आत सोडणारा किंवा पुरेसा न वाजणारा हेडफोन एकच काम करायला लावतो : बोट आवाजाच्या बटणावर जातं. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

आतल्या कानात, शंखाच्या आकाराच्या नळीत, आवाज टिपणाऱ्या केसपेशी साधारण पंधरा हजार असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे : प्रौढ माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. म्हणजे ८० वरून ९० वर गेलात तर ४० तासांचे जेमतेम ४ तास उरतात, तेही अख्ख्या आठवड्याचे. रोज तासभर ऐकणाऱ्याचे ते गुरुवारीच संपतात. मुलांसाठी ही मर्यादा ८० ऐवजी ७५ डेसिबलची आहे. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी दिसते किंवा त्यावर मर्यादा घालता येते. ती सोय नातवाकडून चालू करून घ्या. तसं काही नसेल तर फोनच्या कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांपुढे जाऊ नका.

आता ख्याल ऐकणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, जी हेडफोनच्या खोक्यावर कुठे लिहिलेली नसते. सिनेमातलं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच उंचीवर वाजतं. ख्यालाचं तसं नाही. खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी यांची ती प्रसिद्ध तबकडी घ्या. सुरुवातीला मंद्रात, अगदी खालच्या आवाजात, एकेका स्वरावर रेंगाळत ते गातात. तेव्हा आपल्याला वाटतं की आवाज फार बारीक आहे, आणि आपण तो वाढवतो. चौदा मात्रांचं एकेक आवर्तन सावकाश जातं, कान त्या पातळीला सरावतात. पुढे द्रुत येतं, ताना सुटतात, तबला खणखणतो आणि आवाज कितीतरी वर जातो. बोट मात्र पुन्हा बटणाकडे जात नाही. देवासच्या कुमार गंधर्वांच्या गाण्यातही तेच : एखादी जागा अगदी हलक्याने आणि पुढच्या क्षणी झडप. काकांच्या कानांना दडे बसत होते ते यामुळेच. गाणं संपल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटणं, आत बारीक शिट्टी वाजणं, समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटणं ही केसपेशी दमल्याची खूण आहे. एक-दोन दिवसांत उतार पडतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात. रोज दमणाऱ्या पेशी एके दिवशी परत उठत नाहीत.

उपाय सोपा आहे. नवीन रेकॉर्डिंग ऐकताना आधी थेट द्रुतातल्या तानांपाशी जा. तिथे सुखाचा वाटेल एवढा आवाज ठेवा, मग मागे येऊन आलापापासून सुरू करा. पहिली पाच-दहा मिनिटं बारीक वाटेल. बटणाला हात लावू नका. कान त्या शांततेला सरावतात आणि मग तानपुऱ्याची जवारीसुद्धा वेगळी ऐकू येऊ लागते. हे मी स्वतः करतो आणि मनापासून सांगतो.

पण हे साधायला खोली शांत हवी, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलर असतो. त्याची घरघर खालच्या सुरांची असते. नेमका मंद्र ती झाकून टाकते. म्हणून खुर्ची कूलरपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात न्या. एवढ्यानेही बटण दोन घरं खाली येतं. ज्यांना कूलरशेजारीच बसावं लागतं त्यांनी पूर्ण कान झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्यावा; हा पहिला प्रकार. बाहेरचा आवाज उलट्या लहरींनी खोडणारी यंत्रणा असलेले हेडफोन मिळतात. ती यंत्रणा अशा सलग, खालच्या घरघरीवर सगळ्यात चांगली चालते. तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणं मला योग्य वाटतं, कारण तिने गाण्याचा आवाज खाली ठेवता येतो.

दुसरा प्रकार मागून उघड्या हेडफोनचा. त्याच्या वाट्यांना बाहेरून जाळी असते. सेनहायझरने १९६८ साली पिवळ्या फोमच्या गाद्यांचा एचडी ४१४ काढला तेव्हापासून हा प्रकार रुळला. त्यात हवा खेळते, कान तापत नाहीत आणि गाणं डोक्यात कोंडल्यासारखं न वाटता समोर बैठक बसल्यासारखं वाटतं. हिवाळ्यातल्या रात्री, पंखा बंद असताना, याच्यासारखं सुख नाही. मात्र आवाज बाहेर येतो, शेजारी कोणी झोपलं असेल तर त्याची झोपमोड होते. आणि बाहेरचा गोंगाट आत येतो, त्यामुळे कूलरबरोबर तो लावू नये.

तिसरा प्रकार कानाच्या पाळीवर टेकणारा, लहान गोल गाद्यांचा. घरी तासभर ऐकण्यासाठी मी तो सुचवत नाही. पाळीतल्या कूर्चेवर कातडी पातळ असते, साठीनंतर आणखी पातळ होते, आणि सतत दाबाने तिथे लाल, दुखरी गाठ येते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

दुकानात जाल तेव्हा हेडफोनइतकीच स्वतःच्या डोक्याची माहिती घेऊन जा. घरी टेपने कानाची उंची मोजा. बहुतेकांची सहा-साडेसहा सेंटिमीटर भरते आणि वयाबरोबर कान थोडा लांबतो. गादीच्या आतली पोकळी त्याहून मोठी हवी; पाळी कडेला दुमडता कामा नये आणि आतल्या जाळीला टेकता कामा नये. मग जेल रोडवर असा नाहीतर मॉलमध्ये, दुकानदाराला विनंती करून हेडफोन वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. पहिली पाच मिनिटं गाणं न लावता. मान खाली घाला, पुस्तक वाचल्यासारखी. जबडा हलवा, सुपारी चघळल्यासारखा. कानासमोरच्या सांध्यावर दाब आला, टाळूवर एकच ठिपका दुखायला लागला, तर तो हेडफोन कितीही गोड वाजो, ठेवून द्या. पट्टा किंवा हेल्मेट यांच्या दाबाने होणारी डोकेदुखी वैद्यकात वेगळी नोंदलेली आहे : तासाभरात सुरू होते, काढल्यावर तासाभरात थांबते. हेडफोनमुळेही ती होते. ज्यांना आधीच अर्धशिशी आहे त्यांना तर तिचा झटकाही येऊ शकतो.

वजनाकडे लक्ष द्या. अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅमपर्यंतचा बहुतेकांना झेपतो. पावणेचारशे ग्रॅमच्या पुढचे देखणे हेडफोनही बाजारात आहेत, पण मानेचे मणके झिजलेल्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पट्टा लोखंडी असेल आणि नवेपणी घट्ट वाटत असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवा, सैल पडतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर हा प्रयोग नको, तडकेल.

गाद्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दुकानात याकडे कोणी बघत नाही. खोट्या चामड्याच्या गाद्या गोंगाट चांगला अडवतात, पण माळव्यातल्या उन्हाळ्यात घाम धरतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांचे काळे पापुद्रे निघून कानात-मानेवर चिकटतात. मखमली गाद्या घाम शोषतात, गार राहतात, गोंगाट मात्र थोडा आत सोडतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० हा मागून बंद असूनही मखमली गाद्यांचा आहे आणि गाद्या बदलून मिळतात, म्हणून त्याचं उदाहरण देतो. कोणतीही कंपनी घ्या, पण नव्या गाद्या मिळतील का हे पैसे देण्याआधी विचारा. गाद्या ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या. खोबरेल लावून केस विंचरल्यावर लगेच हेडफोन चढवू नका.

चष्मा लावणाऱ्यांची एक वेगळीच अडचण. चष्म्याची काडी गादी उचलून धरते, फट पडते, खर्ज निसटतो, आणि पुन्हा बोट बटणावर. बारीक काडीचा चष्मा आणि जाड, मऊ गादी ही जोडी जमवा. ऐकताना डोळे मिटत असाल तर चष्मा काढून ठेवणं सगळ्यात उत्तम. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंना पाळीमागे फोड यायचा. गादी कुड्यांवर दाबायची आणि कुड्यांची फिरकी पाळीमागे रुतायची. खोल वाटीचा हेडफोन आणि ऐकताना कुड्या डबीत, एवढ्यावर फोड थांबला. मोठा अंबाडा असेल तर आरामखुर्चीत मागे रेलताना पट्टा पुढे ढकलला जातो, तेही दुकानातच पाहून घ्या.

फोनला जोडूनच ऐकणार असाल तर ३२ ते ८० ओहम विद्युत अवरोधाचा हेडफोन घ्या. सेनहायझर एचडी ६०० सारखा नावाजलेला हेडफोन ३०० ओहमचा असतो. वेगळा अँप्लिफायर नसेल तर फोनवर तो मवाळ वाजतो आणि माणूस हळहळत राहतो.

मग कानात घालायची बोंडं अगदी वर्ज्य का? तसं नाही. प्रवासात, थोडा वेळ, स्वच्छ आणि कोरड्या कानात चालतील. पण कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, पावसाळ्यात खाज येत असेल तर नाही. बोंडं मळ आत ढकलतात, आणि मळ काढायला लोक कापसाची काडी घालून तो आणखी आत नेतात. मधुमेह असलेल्यांना हात जोडून सांगतो : कान रात्री ठणकायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका. मधुमेहात बाहेरच्या कानाचा जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो.

साठी ओलांडली असेल तर महागडा हेडफोन घेण्याआधी कानांची तपासणी करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. वयाबरोबर वरच्या कंपनांचे सूर आधी हरवतात : तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या किनारीचा 'ना'. माणसाला वाटतं हेडफोन बद्द वाजतोय, आणि तो एकामागून एक हेडफोन बदलतो. दोन्ही कानांत फरक असेल तर बहुतेक फोनमध्ये डावा-उजवा आवाज वेगवेगळा ठेवता येतो. पण फरक का आहे याचं कारण आधी आम्हाला शोधू द्या. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी यंत्रासकट हेडफोन घालून पाहावा. वाटी खोल नसेल तर यंत्र शिट्टी वाजवतं.

आणि रंगपंचमीची गेर किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहून घरी आलात तर त्या रात्री हेडफोन पेटीतच राहू द्या. ढोल-डीजेच्या त्या दोन-तीन तासांनी आठवड्याचा हिशोब संपवलेला असतो.

राजेंद्रनगरचे काका दिवाळीनंतर तपासणीला आले. नळी कोरडी, पडदा स्वच्छ. त्यांनी मखमली गाद्यांचा हेडफोन घेतला आहे, फोनवर ७५ डेसिबलच्या आसपास ऐकतात. दडे बसणं थांबलं. तपासणीत मात्र सेकंदाला ४००० कंपनांच्या सुरांपाशी दोन्ही कानांच्या आलेखात खड्डा दिसला, तो काही भरून येणारा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे.

शेवटी एक तातडीची गोष्ट. झोपेतून उठल्यावर किंवा गाणं ऐकता ऐकता एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. या दुखण्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात. माझ्याकडे अशा रुग्णाला नंबर लावावा लागत नाही. बाहेर बसलेल्या सिस्टरना "अचानक ऐकू येईना" एवढं सांगा, त्या थेट आत पाठवतात.