सार्वमत घ्यायचे तर आधी बंदोबस्त

एखाद्या प्रदेशातल्या लोकांना आपले भवितव्य स्वतः ठरवू द्यायचे म्हटले, की सगळ्यांचे लक्ष मतदानाच्या दिवसाकडे लागते. पण बरेचसे काम त्याच्या आधी उरकावे लागते. पूर्व तिमोरमधल्या 1999 च्या सार्वमतावरून ही कृती मांडली आहे, तिथे चुकलेली पायरीही धरून.

1. हक्क तपासा. वसाहत असेल तर वसाहतींच्या स्वातंत्र्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1960 च्या ठरावाचा भक्कम आधार मिळतो. पूर्व तिमोर गोव्यासारखीच पोर्तुगीज वसाहत. 1975 मध्ये इंडोनेशियाने तिथे सैन्य घुसवले आणि पुढे तो प्रदेश आपल्यात सामील करून घेतला, पण ते सामिलीकरण संयुक्त राष्ट्रांनी कधीच मानले नाही. वसाहत नसलेल्या प्रांताची वाट बिकट आहे. एकतर्फी फुटून निघण्याचा सरसकट हक्क कायदा देत नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये तसे सांगितले. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आले तर वाटाघाटी टाळता येणार नाहीत, असेही बजावले.

2. करार लेखी करा. 5 मे 1999 रोजी इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रांनी सार्वमताच्या करारावर न्यूयॉर्कला सह्या केल्या.

3. बंदोबस्त कोणाचा, हे त्याच करारात पक्के करा. तिमोरमध्ये घात झाला तो इथेच. सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाकडेच राहिली. संयुक्त राष्ट्रांचे पोलीस होते, पण निःशस्त्र. निकाल इंडोनेशियाविरुद्ध लागताच इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली, हजाराहून अधिक माणसे मेली, सुमारे अडीच लाख लोक सीमेपलीकडे गेले. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज 20 सप्टेंबरला उतरली. ती मतदानाआधी उभी असायला हवी होती. यावर तडजोड करू नका. त्यापेक्षा तारीख पुढे ढकला.

4. मतदार ठरवा. तिमोरमध्ये ते असे होते: तिथे जन्मलेले, आई-वडिलांपैकी एकाचा जन्म तिथला असलेले आणि अशांचे पती किंवा पत्नी. वय किमान 17. परागंदा झालेल्यांसाठी परदेशातही केंद्रे ठेवा.

5. पर्याय दोनच ठेवा आणि प्रत्येकापुढे चिन्ह छापा, म्हणजे निरक्षर माणसालाही कोणाला विचारावे लागत नाही. तिमोरमध्ये इंडोनेशियाअंतर्गत खास स्वायत्तता मान्य की अमान्य, एवढेच विचारले होते; अमान्य म्हणजे इंडोनेशियापासून वेगळे होणे.

6. मते एकत्र मिसळून मोजा. सगळ्या पेट्या दिली या राजधानीत आणल्या, मतपत्रिका मिसळल्या आणि निकाल फक्त संपूर्ण प्रदेशाचा जाहीर केला. कुठल्या गावाने काय दिले हे कळले नाही, त्यामुळे एखादे गाव हेरून सूड घेण्याची सोय राहिली नाही. सरसकट जाळपोळ त्याने थांबली नाही, त्यासाठी बंदोबस्तच हवा होता; तरी ही पायरी मला फार मोलाची वाटते. 30 ऑगस्टला 98 टक्क्यांहून जास्त नोंदणीकृत मतदारांनी मत दिले, 78.5 टक्क्यांनी स्वायत्तता नाकारली.

7. सत्तांतराला वेळ द्या. संयुक्त राष्ट्रांचा हंगामी कारभार ऑक्टोबर 1999 मध्ये मंजूर झाला, स्वातंत्र्य 20 मे 2002 ला आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व त्याच सप्टेंबरात मिळाले. सागरी सीमेची बोलणी मात्र पहिल्या दिवसापासून लावून धरा. ऑस्ट्रेलियाशी कायमच्या सीमेचा करार व्हायला 2018 उजाडले, आणि त्या समुद्राखाली तेल व वायूचे साठे आहेत.