लसणाची पाकळी

आमच्या लहानपणी माजघराच्या तुळईला लसणाच्या जुड्या टांगलेल्या असत. फाल्गुनाच्या सुमारास शेतातून लसूण निघाला, की तो पातीसकट वाळवावयाचा, त्या पातीचीच वेणी घालावयाची आणि वारा लागेल अशा जागी ती टांगावयाची, असा घरचा परिपाठ होता. त्या जुडीखाली कोणी कितीही वेळ उभे राहिले, तरी उग्र वास असा जाणवत नसे. मात्र आजीने चार पाकळ्या पाट्यावर ठेवून वरवंट्याचा एक ठोका दिला, की तो वास ओसरी ओलांडून अंगणात खेळणाऱ्या आम्हां मुलांपर्यंत पोहोचे आणि आज भाकरीबरोबर चटणी आहे, हे न सांगताच कळे.

अखंड पाकळीत नसलेला हा वास ठेचलेल्या पाकळीत येतो कोठून? त्या वयात मला हा प्रश्न सुचला नाही. पुढे मी शिक्षक झाल्यावर एका विद्यार्थ्याने तो मलाच विचारला, तेव्हा उत्तरासाठी ग्रंथ धुंडाळावे लागले.

खरी गोष्ट अशी, की तो वास पाकळीत तयार नसतोच. पाकळीच्या पेशींत ॲलिइन नावाचा गंधकयुक्त, पण वासरहित पदार्थ असतो. त्याच्यापासून वेगळ्या कप्प्यात ॲलिनेज नावाचे एक विकर असते. पाकळी चिरली, ठेचली अथवा एखाद्या किड्याने कुरतडली, की कप्पे फुटतात, हे दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि क्षणार्धात ॲलिसिन निर्माण होते. ज्याला आपण लसणाचा वास म्हणतो, तो मुख्यतः याचा व याच्यापासून पुढे होणाऱ्या पदार्थांचा. वनस्पतीच्या दृष्टीने हे शस्त्र आहे. तिला पळून जाता येत नाही, म्हणून चावणाऱ्याचे तोंड तिने पोळावे! १९४४ साली चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ॲलिसिन वेगळे काढले आणि ते जंतूंचा नाश करते, असे दाखविले. परंतु हा पदार्थ फार काळ टिकत नाही.

मुलांनो, याची प्रचीती तुम्ही घरी घेऊ शकता. मोठ्या माणसांच्या मदतीने एक अखंड पाकळी पाण्यात चांगली उकळा व मग ठेचा. दुसरी कच्चीच ठेचा. उकळलेल्या पाकळीला तो झणझणीत वास येणार नाही, कारण उष्णतेने विकर आधीच निकामी झालेले असते. म्हणूनच कित्येक सुगरणी लसूण ठेचून थोडा वेळ तसाच ठेवतात आणि मग फोडणीत टाकतात. फोडणीचेही एक तंत्र आहे. लसूण तांबूस झाला, की त्याला खमंगपणा येतो. त्यापुढे क्षणभर दुर्लक्ष झाले, की तो करपून कडू होतो आणि सारे पिठले बिघडवितो. सुके खोबरे, लाल तिखट, मीठ आणि लसूण एवढ्यावर होणारी चटणी मात्र या नाजूक प्रकरणातून मुक्त आहे. शिळ्या भाकरीलाही ती गोडी आणते. माझ्या मते मिक्सरमधील चटणीला पाट्यावरच्या चटणीची सर येत नाही. पण हे म्हातारपणाचे मत असू शकेल.

आपल्या पूर्वजांनी लसणाकडे बारकाईने पाहिले होते. संस्कृतात त्याला लशुन म्हणतात, तसेच रसोन असेही म्हणतात. सहा रसांपैकी आंबट रस तेवढा त्यात नाही, म्हणून तो एका रसाने ऊन, अशी या नावाची फोड सांगतात. काश्यपसंहितेत लशुनकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. १८९० साली मध्य आशियातील कुचा या गावी बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरील एक प्राचीन पोथी लागली; तिच्या आरंभीच लसणाचे गुणवर्णन आहे. लसूण न खाणाऱ्या ब्राह्मणासाठी तीत एक युक्ती सांगितली आहे: गाईला गवतात लसणाची पात मिसळून घालावी आणि त्या गाईचे दूधतूप ब्राह्मणाने घ्यावे! निषेधही राहिला आणि औषधही मिळाले. आपल्याकडे अनेक घरांत चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य असतो. म्हणून आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आधीच हौस भागवून घेतात.

आता गुणांचा प्रश्न. रक्तदाब वाढलेल्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत लसणाने तो थोडासा उतरल्याचे आढळले आहे. लसणाने रक्त गोठण्याची क्रियाही काहीशी मंदावते. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी आपण लसूण भरपूर खात असल्यास डॉक्टरांना सांगावे लागते. ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवला, तर भाजल्यासारखे फोड येतात. मी ते एका मुलाच्या गुडघ्यावर पाहिले आहेत.

परंतु ‘थोडासा’ या शब्दाकडे लोक लक्ष देत नाहीत. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी त्यांना रोज एक गोळी दिली होती. कोणीतरी सांगितले, की गोळीचे काम लसूणच करतो. त्यांनी गोळी बंद केली आणि रोज पहाटे चार कच्च्या पाकळ्या चावून खाण्याचा नेम धरला. वासाचा त्रास घरच्यांनी सोसला. तीन महिन्यांनी एका सकाळी दाढी करताना वस्तरा त्यांच्या हातून गळून पडला. उजवी बाजू लुळी झाली होती. रुग्णालयात त्यांचा प्राण वाचला. हात मात्र पुरता सुधारला नाही. मी भेटावयास गेलो, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, लसूण खोटा नव्हता. मी त्याच्यावर नको तेवढा भार टाकला.”

आता ते डाव्या हाताने जेवतात. ताटात लसणाची चटणी असते आणि पाण्याच्या भांड्याशेजारी ती गोळीही असते.