तहारत आणि अतिरेक

मासिक पाळीनंतरच्या गुस्लची रीत एका स्त्रीने थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारली होती. धर्म समजून घेताना अन्सारी स्त्रियांना लाज आडवी आली नाही, अशी प्रशंसा हजरत आयेशा (रजि.) यांनी केली आहे. आपल्या घरांत मात्र आई मुलीला तहारतीचा हुकूम सांगते, रीत सांगत नाही. मग मुलगी अंदाजाने साबण, क्वचित जंतुनाशक द्रवही आतपर्यंत वापरते.

वास्तविक गुस्लमध्ये बसल्यावर जेवढा भाग उघडा होतो तेवढाच धुवायचा असतो. योनीच्या आत अल्लाहने ठेवलेले उपकारक जीवाणू आम्लता राखून रोगजंतूंना आळा घालतात. साबणाने ते कमी होतात, खाज व जळजळ सुरू होते. आणि तिलाच अस्वच्छता समजून पुन्हा पुन्हा धुणे, हा निव्वळ वसवसा होय. इस्तिंजा साध्या पाण्याने, पुढून मागे करावा व जागा कोरडी करावी. अंतर्वस्त्र सुती असावे. पाळीत पॅड ४ ते ६ तासांनी बदलावा.

खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा स्राव असल्यास स्त्री-डॉक्टरांना दाखवावे. त्या उपलब्ध नसतील तर गरजेपोटी पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास शरीअतची परवानगी आहे.