कोळशाची गाडी टिपायची तर

तू पेडण्याला कोकण रेल्वेच्या काठावर वाढलास, म्हणून तुझ्या डोक्यात गाडी म्हणजे वेळापत्रक. मालगाडीचं तसं नसतं रे. प्रवाशांच्या वेळापत्रकात तिला जागाच नाही. फाटक पडलं, सिग्नल बदलला, की समजायचं काहीतरी येतंय. फाटकवाल्याला विचार, पण त्याचा हात मोकळा असेल तेव्हाच. आम्ही डिचोलीचे तर खनिजाचे ट्रक आणि नदीतल्या बार्ज बघत म्हातारे झालो. गावात रूळच नाहीत, गाडी धरायची तर थिवी गाठायची.

पेडण्याला हात बसवायचा तर रो-रो टिप. कोलाड ते वेर्णे, रुळांवरून चाललेले ट्रक, आणि ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये आरामात. तुझ्याकडची लाईन साधारण उत्तर-दक्षिण धावते, तेव्हा सकाळी पूर्वेच्या बाजूला उभा राहा, दुपारनंतर पश्चिमेच्या.

कोळशाला मात्र दक्षिणेत जायला हवं. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे करत कॅसलरॉकचा घाट चढतो आणि कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणजे भरलेली गाडी पूर्वेला, चढणीला. रिकामी पश्चिमेला, उतरणीला. एवढं पक्कं कर. पूर्वेला निघालेल्या इंजिनाच्या तोंडावर ऊन सकाळीच असतं. दुपारी गेलास तर रिकाम्या गाडीचं तोंड छान उजळलेलं मिळेल आणि भरलेलीची नुसती सावली. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा रुळांची दक्षिण बाजू धर.

कुळ्याच्या पुढे १:३७ चा चढ लागतो. एकट्या पुढच्या इंजिनांना तो झेपत नाही, म्हणून भरलेल्या गाडीला मागूनही इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. नवशिके पुढची इंजिनं गेली की कॅमेरा पिशवीत घालतात. तू वाघिणी मोजत थांब. पन्नासच्या वर काळ्या वाघिणी सरकतील, आवाज विरत जाईल, आणि मग झाडीतून तो पुन्हा चढत येईल. मागची इंजिनं पूर्ण जोर लावून रेटत असतात. खरं चित्र तिथं आहे.

काळ्या मालाला कॅमेरा फसतो. चौकट कोळशाने भरली की त्याला वाटतं अंधार आहे. तो सगळं उजळतो, कोळसा राखाडी होतो आणि आभाळ जळतं. अर्धा-पाऊण स्टॉप उणे कर. पावसाळ्यात घाटात धुकं असलं की नेमकं उलट, पांढरं भरपूर असल्याने तो काळोख करतो, तेव्हा अधिक कर. गाडी जवळून जाताना लेन्स बदलू नकोस. काचेवर कण बसले तर सदऱ्याने पुसायचं नाही. आधी ब्लोअर, मग कापड. कोळशाची भुकटी ओरखडे काढते.

रुळांवर उतरायचं नाही, दूधसागर धबधब्यासाठीसुद्धा नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं, दोन्हीही होऊ शकतात. धबधब्यासमोरचा पूल पॅसेंजरच्या खिडकीतून बघ, नाहीतर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीपने पायथ्याशी जा. तारांखाली मोनोपॉड उभा धरू नकोस, वर २५,००० व्होल्ट असतात. आणि कानावर विसंबू नकोस. विजेचं इंजिन डिझेलसारखी लांबून वर्दी देत नाही. ड्रोन घरीच ठेव. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, चौकशीला उत्तरं देत बसशील.

वास्को-मडगावच्या मधल्या वेळसावला रूळ अगदी घरांच्या अंगाला लागून जातात. तिथली माणसं कॅमेऱ्याकडे संशयाने बघतील, आणि बघावंच. कोळसा आणि दुपदरीकरण या दोन्हींना त्यांचा विरोध आहे. २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला लोक रात्रभर रुळांवर बसले होते. घाटातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. तेव्हा आधी नाव सांग, कुठून आलास ते सांग, मगच कॅमेरा काढ. कुणाच्या व्हरांड्यातून फोटो काढलास तर त्याची प्रत नेऊन दे. माझ्या मते इंजिनाच्या शंभर फोटोंपेक्षा व्हरांडा आणि वाघीण एका चौकटीत आलेला एक फोटो जास्त बोलतो, पण तुझ्या वयात मलाही इंजिनंच आवडायची.

घरी आल्यावर त्याच रात्री प्रत्येक फोटोला स्टेशन, तारीख, दिशा आणि गाडी भरलेली की रिकामी एवढं लिहून ठेव. उद्यावर टाकलंस की सगळ्या वाघिणी सारख्याच दिसायला लागतात.