भागीदारीतली बोट मोडीत काढताना: हिशेब मिटवण्याची कृती

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर दोघा-तिघांनी मिळून बोट घालणे नवे नाही. भागीदारी मोडते तेव्हा बोटीचे पैसे हाती येताच वाटून टाकण्याची घाई होते आणि तिथेच वर्षानुवर्षांच्या अबोल्याला सुरुवात होते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४८ ने वाटपाचा क्रम घालून दिला आहे. करारपत्रात वेगळे काही ठरले नसेल, तर तोच क्रम पाळावा.

वेळ: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर शाकारलेली असते, रोजची उधारी थांबलेली असते. हिशेब मिटवायला हाच काळ उत्तम.

हाताशी ठेवा: करारपत्र, बोटीची नोंदणी व परवाना, बँकेचा कर्जखाते उतारा, डिझेल-बर्फाची बिले, खलाशांची वही.

कृती

१. विसर्जनाची तारीख लेखी ठरवा. मुदत न ठरवलेली, मर्जीनुसारची भागीदारी असेल, तर एका भागीदाराची लेखी नोटीसही पुरते.

२. त्या तारखेचा ताळेबंद करा. खलाशांना दिलेली उचल, व्यापाऱ्याकडची बाकी आणि सोसायटीमार्फत मिळायचा डिझेल परतावा यांची नोंद आवर्जून घ्या. परतावा उशिरा जमा होतो. नोंद राहिली तर तो ज्याच्या हाती लागेल त्याचाच होऊन बसतो.

३. वसुली खाते उघडा. रोख-बँक सोडून सर्व मालमत्ता पुस्तकी किमतीने नावे टाका, बाहेरची देणी जमा करा. भागीदाराने दिलेले कर्ज यात घेऊ नका.

४. विक्रीची रक्कम वसुली खात्यात जमा करा. देणी फेडल्याची रक्कम आणि खर्च नावे टाका. पुस्तकात नसलेला वायरलेस किंवा जुनी जाळी विकली, तर तेही पैसे इथेच जमा. एखादा भागीदार बोट स्वतःकडे ठेवत असेल, तर ठरलेली किंमत त्याच्या भांडवल खात्यावर नावे टाका.

५. वसुली खात्याचा नफा-तोटा नफ्याच्या प्रमाणात भांडवल खात्यांवर न्या.

६. पैसे या क्रमाने द्या: आधी बँक, डिझेल, बर्फ, खलाशी, मग भागीदारांची कर्जे, मग भांडवल, उरलेच तर नफ्याच्या प्रमाणात.

उदाहरण: तिघांचे भांडवल ८, ६ व २ लाख, नफ्याचे प्रमाण २:२:१. पहिल्याचे संस्थेला कर्ज २ लाख, बाहेरची देणी ७ लाख. बँकेत १ लाख; बोट, जाळी व येणी मिळून २४ लाख. त्यांचे १८.६ लाख आले, खर्च १० हजार. तोटा ५.५ लाख, वाट्याला २.२, २.२ व १.१ लाख. बँकेत झाले १९.५ लाख. देणी व कर्ज फेडून उरले १०.५ लाख, त्यातून तिघांना ५.८, ३.८ व ०.९ लाख. हेच १०.५ लाख थेट २:२:१ ने वाटले असते, तर तिसऱ्याला २.१ लाख मिळाले असते आणि पहिल्याच्या हक्काचे १.६ लाख बुडाले असते. नफ्याचे प्रमाण तोटा वाटण्यासाठी. भांडवल ज्याचे त्याला.

७. कोणाचे भांडवल खाते उणे निघाले, तर त्याने तेवढी रक्कम आणून भरावी. तो नादार असेल, तर १९०४ च्या गार्नर विरुद्ध मरे निकालानुसार ती तूट बाकीचे भागीदार भांडवलाच्या प्रमाणात सोसतात.

८. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घ्या आणि बोटीची नोंदणी व परवाना नव्या मालकाच्या नावे करून द्या. नोंदणीकृत संस्था असेल, तर निबंधकांना कळवा. राजपत्रात व जिल्ह्यातल्या मराठी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्या. सूचना दिली नाही, तर नंतर एकाने केलेली उधारी सगळ्यांच्या गळ्यात पडू शकते.

शेवटचे धनादेश वटल्यावर बँक खाते बरोबर शून्यावर यायला हवे. न आल्यास नोंद कुठेतरी राहिली आहे. ती सापडेपर्यंत भरपाई पावतीवर सही करू नका.